सदाशिव पेठेचा पिनकोड: चार लाख अकरा हजार तीस या संख्येची ओळख

सदाशिव पेठेतल्या घरी येणाऱ्या जुन्या पत्रांवर ‘सदाशिव पेठ, पुणे ३०’ एवढाच पत्ता असे आणि तो पुरतही असे. आजही वयस्कर मंडळी बोलताना ‘पुणे तीस’ असेच म्हणतात; पाकिटावर मात्र ४११०३० असे सहा अंक लिहावे लागतात. ही सहा अंकी पद्धत देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली आणि तिची आखणी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी केली. वेलणकर केंद्रीय दळणवळण मंत्रालयात अतिरिक्त सचिव होते आणि संस्कृतचे कवी म्हणूनही त्यांचा लौकिक होता. या पद्धतीत पहिला अंक ४ हा टपालाचा विभाग सांगतो, ४१ हा त्यातला उपविभाग, ४११ म्हणजे पुणे, आणि शेवटचे ०३० हे अंक पत्र कोणत्या टपाल कार्यालयातून वाटायचे ते सांगतात. ‘पुणे ३०’ मधला तीस नव्या आकड्याच्या शेवटी असा जसाच्या तसा टिकून राहिला.

मागच्या दिवाळीच्या सुट्टीत माझी नववीत शिकणारी भाची आमच्याकडे राहायला आली होती. दारावरची पत्त्याची पाटी वाचता वाचता तिने विचारले, “मामा, हा पिनकोड मूळ संख्या आहे का?” पुढच्याच क्षणी तिने स्वतःच उत्तर दिले की शेवटी शून्य आहे, म्हणजे दहाने भाग जाणारच. त्यानंतर तिने विचारलेला प्रश्न मला अधिक मोलाचा वाटला: “मूळ नाही, तर मग कसली संख्या आहे ही?” त्याचे उत्तर शोधण्यात आम्ही दोघांनी पाठकोऱ्या कागदांचा एक गठ्ठा संपवला. हा लेख त्या कागदांवरून लिहिला आहे.

आरंभीच दोन गोष्टी स्पष्ट करायला हव्यात. पहिली अशी की पिनकोड ही मोजणीतून आलेली संख्या नाही, ती एक खूण आहे. दोन पिनकोडांची बेरीज केल्याने दोन पेठा एकत्र होत नाहीत. त्यामुळे पुढे जे गुण सांगणार आहे, ते चार लाख अकरा हजार तीस या पूर्णांकाचे आहेत, सदाशिव पेठेचे नव्हेत. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि संख्यांविषयीच्या गप्पांत ती फार वेळा विसरली जाते. संख्या वेगळी आणि ती लिहिण्याची रीत वेगळी. घर आणि घरावरची पाटी यांत जो फरक आहे, तोच येथे आहे. पाटी देवनागरीत लावली किंवा रोमनमध्ये लावली, तरी आतल्या खोल्या तेवढ्याच राहतात. गव्हाच्या ४,११,०३० दाण्यांचा ढीग दोन सारख्या वाट्यांत विभागता येतो, हा त्या संख्येचा स्वतःचा गुण झाला, मग ती आपण दशमान पद्धतीत लिहू किंवा संगणकाप्रमाणे फक्त शून्य आणि एक वापरून लिहू. ‘तिच्या अंकांची बेरीज नऊ येते’ हे विधान मात्र पाटीविषयीचे आहे, कारण लिहिण्याची पद्धत बदलली की अंक बदलतात. संख्यांच्या वर्गीकरणात दोन्ही प्रकारचे गुण शेजारी शेजारी बसवलेले असतात, आणि वाचणाऱ्याने प्रत्येक वेळी विचारले पाहिजे की हा गुण घराचा आहे की पाटीचा.

घरापासून सुरुवात करू. शेवटी शून्य असल्यामुळे ४११०३० म्हणजे १० × ४११०३. उरलेल्या ४११०३ च्या अंकांची बेरीज ४ + १ + १ + ० + ३ = ९, म्हणून शाळेत शिकलेल्या कसोटीप्रमाणे तिला नऊने भाग जातो, आणि भागाकार येतो ४५६७. येथे आम्ही दोघेही थांबलो. चार, पाच, सहा, सात हे अंक ओळीने आले होते. भाचीने त्या आकड्याभोवती पेन्सिलने दोनदा गोल काढला.

आता ४५६७ चे आणखी अवयव पडतात का, हे पाहायचे. त्यासाठी ४५६६ पर्यंतच्या सगळ्या संख्यांनी भागून पाहण्याची गरज नसते. एखाद्या संख्येचे दोन अवयव असतील, तर ते दोन्ही तिच्या वर्गमुळापेक्षा मोठे असू शकत नाहीत, कारण तसे असते तर त्यांचा गुणाकार त्या संख्येपेक्षाच मोठा झाला असता. ६८ चा वर्ग ४६२४ आहे, म्हणजे ४५६७ च्या पुढे जातो. म्हणून ६७ पर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहिले की काम झाले, आणि अशा मूळ संख्या फक्त १९ आहेत. आम्ही एकेक करत गेलो. तीनने भागले तर बाकी १, पाचने २, सातने ३, अकराने २, तेराने ४. तिसापुढचे भागाकार लांबले, पण शून्य बाकी कुठेच येईना. शेवटी ६७ × ६८ = ४५५६, बाकी ११. यादी संपली आणि ४५६७ ही मूळ संख्या ठरली.

तेव्हा ४११०३० = २ × ३ × ३ × ५ × ४५६७. अंकगणिताचा मूलभूत सिद्धांत असे सांगतो की एकाहून मोठ्या कोणत्याही पूर्णांकाची मूळ अवयवांत फोड एकाच प्रकारे होते. अवयवांचा क्रम बदलता येईल, अवयव बदलता येणार नाहीत. म्हणून ही ओळ त्या घराचा नकाशाच म्हणायला हवी. पुढचे जवळजवळ सगळे गुण याच ओळीतून वाचता येतात.

उदाहरणार्थ, या संख्येचे एकूण विभाजक किती, हे मोजायला सगळे विभाजक लिहून काढावे लागत नाहीत. विभाजक तयार करताना २ घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणजे दोन पर्याय. ३ एकदा घ्यायचा, दोनदा घ्यायचा किंवा सोडायचा, म्हणजे तीन. ५ आणि ४५६७ यांचे प्रत्येकी दोन. गुणाकार २ × ३ × २ × २ = २४. या चोवीसांपैकी बारा विभाजक अगदी लहान आहेत: १, २, ३, ५, ६, ९, १०, १५, १८, ३०, ४५ आणि ९०. उरलेले बारा म्हणजे याच बारांची ४५६७ पट. ९० नंतरचा विभाजक थेट ४५६७ आहे. मध्ये काहीच नाही. याचा अर्थ असा की ४,११,०३० खुर्च्या कोणीही एकसारख्या रांगांत मांडायला घेतल्या, तर त्यांचा चौरसाच्या जवळ जाणारा आयत बनणारच नाही. त्यातल्या त्यात कमी लांबुळका आयत ९० बाय ४५६७ चा, म्हणजे रुंदीच्या पन्नास पटींहून लांब. एवढी मोठी संख्या, चोवीस विभाजक, आणि तरीही मध्ये एवढी मोठी पोकळी, कारण तिच्यात एकच मोठा मूळ अवयव ठाण मांडून बसला आहे.

विभाजकांची बेरीज करून संख्यांचे तीन गट पाडण्याची रीत फार जुनी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या सुमारास निकोमाकस या ग्रीक गणितज्ञाने ती मांडली. संख्या स्वतः सोडून तिच्या बाकीच्या सर्व विभाजकांची बेरीज करायची. बेरीज संख्येएवढीच आली तर ती परिपूर्ण संख्या, कमी आली तर न्यून, आणि जास्त आली तर विपुल. सहाचे विभाजक १, २, ३, त्यांची बेरीज सहाच. म्हणून सहा ही सर्वांत लहान परिपूर्ण संख्या. तिच्यानंतर २८, ४९६, ८१२८. मूळ संख्येचा स्वतःशिवाय विभाजक फक्त १, म्हणून प्रत्येक मूळ संख्या न्यून असते. ४११०३० च्या बाबतीत लहान बारा विभाजकांची बेरीज २३४ येते, मोठ्या अकरांची ६,५७,६४८ येते, आणि एकूण होतात ६,५७,८८२. ही बेरीज संख्येपेक्षा २,४६,८५२ ने जास्त आहे, तेव्हा सदाशिव पेठेच्या पिनकोडाची संख्या विपुल आहे.

तिची विपुलता बेरीज न करताही दिसू शकते, आणि मला ती वाट जास्त आवडते. या संख्येला सहाने भाग जातो, म्हणून तिचा निम्मा भाग, तिसरा भाग आणि सहावा भाग हे तिन्ही पूर्णांक आहेत आणि तिचे विभाजकही आहेत: २,०५,५१५, १,३७,०१० आणि ६८,५०५. तीन वारसांपैकी एकाला निम्मे, दुसऱ्याला तिसरा हिस्सा आणि तिसऱ्याला सहावा हिस्सा दिला, तर इस्टेट पूर्ण वाटली जाते, काहीही उरत नाही. म्हणजे या तीनच विभाजकांची बेरीज नेमकी ४,११,०३० झाली. उरलेले वीस विभाजक हे सगळे वरचे धन. हीच युक्ती सहाच्या प्रत्येक मोठ्या पटीला लागू पडते. म्हणून सहापेक्षा मोठी असलेली सहाची कोणतीही पट विपुलच असते. सहा स्वतः परिपूर्ण आहे, आणि तिच्या पटी तिचे ते पूर्णत्व आपल्यात घेऊन शिवाय आणखी काही बाळगतात.

दोन वर्गांच्या बेरजेचा प्रश्नही घराचाच आहे. ४,११,०३० ही संख्या दोन पूर्ण वर्गांची बेरीज म्हणून लिहिता येईल का? फर्माने सतराव्या शतकात सांगितलेला आणि ऑयलरने अठराव्या शतकात सिद्ध केलेला नियम असा आहे की चारने भागल्यावर बाकी १ उरणारी मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि बाकी ३ उरणारी नसते. पुढे याच नियमावरून असेही निघते की बाकी ३ उरणारा एखादा मूळ अवयव संख्येत विषम वेळा आला, तर ती अख्खी संख्या दोन वर्गांची बेरीज होऊ शकत नाही. ४५६७ ला चारने भागले की बाकी ३ उरते आणि ती आपल्या संख्येत एकदाच येते. तेथेच वाट बंद झाली. दोन वर्गांची वजाबाकी म्हणूनही ती लिहिता येत नाही, आणि त्याचे कारण याहूनही सोपे आहे: अशी वजाबाकी एकतर विषम असते किंवा तिला चारने भाग जातो, आणि ४,११,०३० ला चारने भागल्यावर बाकी २ राहते. तीन वर्ग घेतले की मात्र जमते: ६३८ चा वर्ग ४,०७,०४४, ५५ चा ३०२५ आणि ३१ चा ९६१, बेरीज ४,११,०३०. हे तीन वर्ग सापडायला आमची अख्खी संध्याकाळ गेली.

मग पुण्यातला कोणता पिनकोड दोन वर्गांत बसतो? आपल्या कॅम्पचा. ४११००१ म्हणजे ४०० चा वर्ग १,६०,००० अधिक ५०१ चा वर्ग २,५१,००१. ही संख्या मूळ आहे, तिला चारने भागल्यावर बाकी १ उरते, आणि मूळ संख्येच्या बाबतीत अशी जोडी एकच असते, दुसरी सापडणार नाही याची खात्री देता येते.

मूळ संख्यांचा विषय निघालाच आहे, तर सगळ्या पुण्याकडे एकदा पाहू. ४११००० या संख्येला २, ३ आणि ५ या तिघांनीही भाग जातो. म्हणून पुण्याच्या पिनकोडाच्या शेवटच्या दोन अंकांना या तिघांपैकी कोणानेही भाग गेला, की त्या अख्ख्या पिनकोडालाही जातो. जुना ‘पुणे ३०’ तिघांनीही विभाज्य, म्हणून ४११०३० ही तिघांनीही विभाज्य. या चाळणीतून १ ते ६० पर्यंतचे फक्त सोळा आकडे खाली उतरतात. पण खाली उतरलेली प्रत्येक संख्या मूळ असतेच असे नाही, आणि शेवटचे दोन अंक मूळ आहेत म्हणून पिनकोड मूळ आहे असे मानणे तर सरळ चूक आहे. पिंपरीचा ४११०१७ घ्या; सतरा मूळ आहे, पण ४११०१७ = २९ × १४१७३. चिंचवडचा ४११०१९ = ७ × ५८७१७. मार्केट यार्डाचा ४११०३७ = ११ × ३७३६७. सोळांपैकी सातच संख्या मूळ निघाल्या: ४११००१, ४११००७, ४११०११, ४११०१३, ४११०३१, ४११०४१ आणि ४११०४९. म्हणजे कॅम्प, औंध, कसबा पेठ, हडपसर आणि वडगाव-धायरी यांचे पिनकोड मूळ संख्या आहेत. एवढ्या आकाराच्या संख्यांत सरासरीने तेरांत एक मूळ असते. त्या मानाने साठांत सात हे प्रमाण चांगले दाट आहे. यातल्या ४११०११ आणि ४११०१३ यांच्यात दोनचेच अंतर आहे, म्हणून त्या जोडमूळ संख्या. अशा जोड्या अनंत आहेत का, याचे उत्तर गणिताला अजून सापडलेले नाही.

यातली एक संख्या मूळ आहे हे हाताने सिद्ध करायचे तर ६४१ पर्यंतच्या ११६ मूळ संख्यांनी भागून पाहावे लागते, कारण ६४१ चा वर्ग ४,१०,८८१ आहे आणि पुढच्या मूळ संख्येचा वर्ग आपल्या टापूच्या पलीकडे जातो. सहा अंकी संख्येला एवढे कष्ट पडतात, तर शेकडो अंकी संख्येला हा मार्ग निरुपयोगीच. २००२ साली कानपूरच्या आयआयटीतील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी संख्या मूळ आहे की नाही हे नेमके आणि तुलनेने झटपट ठरवणारी रीत दिली, आणि तिची जगभर दखल घेतली गेली. मूळ नसलेल्या मोठ्या संख्येचे अवयव पाडणे मात्र अजूनही कठीण आहे. बँकांच्या संदेशांची गुप्तता ज्या रीतींवर उभी आहे, त्यांतल्या काही याच कठीणपणावर विसंबून असतात. मोठेपणाची कल्पना यावी म्हणून एवढेच सांगतो की २०२४ मध्ये सापडलेल्या सर्वांत मोठ्या ज्ञात मूळ संख्येत ४,१०,२४,३२० अंक आहेत. आपल्या संख्येत सहा आहेत.

आता पाटीकडे वळू, आणि पाटीविषयी बोलायचे तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांचे नाव आधी घ्यायला हवे. १९०५ साली डहाणूला जन्मलेले कापरेकर पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकले आणि पुढे नाशिकजवळच्या देवळालीत शाळाशिक्षक म्हणून त्यांनी आयुष्य घालवले. अंकांच्या मांडणीतून दिसणारे गुण शोधण्याचा त्यांना ध्यास होता. आपल्याकडच्या काही विद्वानांनी तो पोरखेळ समजून बाजूला ठेवला, पण आज त्यांच्या नावाचा ६१७४ हा स्थिरांक जगभरच्या वर्गांत शिकवला जातो, आणि मला तरी त्यांच्या कामात खेळाइतकीच शिस्तही दिसते.

आपल्या अंकांच्या बेरजेने जिला निःशेष भाग जातो, त्या संख्येला कापरेकरांनी ‘हर्षद’ हे संस्कृत नाव दिले. हर्षद म्हणजे आनंद देणारी. ४११०३० च्या अंकांची बेरीज ९, आणि ४११०३० ÷ ९ = ४५६७०. म्हणजे ती हर्षद आहे. पण येथे थोडे सावध राहायला हवे, कारण अंकांची बेरीज नऊ आली की नऊने भाग जाणारच; तेव्हा हा गुण फार काही नवे सांगत नाही. तो पाटीचा आहे हेही लगेच पडताळता येते. द्विमान पद्धतीत हीच संख्या ११००१०००१०११००१०११० अशी लिहितात. तीत नऊ एक आहेत, बेरीज पुन्हा नऊच, आणि योगायोगाने तेथेही ती हर्षद ठरते. आठच्या पायावर लिहिली तर १४४२६२६ अशी होते, अंकांची बेरीज २५ येते, आणि ४,११,०३० ला पंचविसाने भागल्यावर बाकी ५ राहते. पाटी बदलली आणि गुण गेला. मूळ अवयव मात्र तिन्ही पाट्यांमागे तेच होते.

कापरेकरांची प्रसिद्ध कृती चार अंकांची आहे: अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडायचे, वजाबाकी करायची, पुन्हा तेच करायचे, सगळे अंक सारखे नसतील तर शेवटी ६१७४ येतेच. सहा अंकांना हे घडत नाही. आपली संख्या घेऊन पाहा. ४३११०० वजा ००११३४ बरोबर ४२९९६६. त्यातून ७४९९४३, मग ६५२६४४, मग ४२०८७६. यानंतर ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, आणि पुन्हा ४२०८७६. सात संख्यांच्या या प्रदक्षिणेत शिरलेली ४११०३० पुन्हा कधीच बाहेर पडत नाही.

कापरेकरांची माझी सर्वांत आवडती कल्पना स्वयंभू संख्यांची आहे. कोणतीही संख्या घ्या आणि तिच्यात तिच्याच अंकांची बेरीज मिळवा. जी नवी संख्या मिळेल, तिची पहिली संख्या ही जनक. २१ मध्ये ३ मिळवले की २४, म्हणून २१ ही २४ ची जनक. जिला कोणीच जनक नाही, ती स्वयंभू. ४११०३० स्वयंभू नाही. ४११०२१ च्या अंकांची बेरीज ९, ती मिळवली की ४११०३० तयार होते. ४११०२१ हा बावधनचा पिनकोड आहे. त्याच्या मागे गेले की ४११०१२, म्हणजे दापोडी. त्याच्याही मागे ४११००३, म्हणजे खडकी. पुढे पाहिले तर ४११०३० मध्ये ९ मिळवून ४११०३९, म्हणजे भोसरी, आणि भोसरीच्या अंकांची बेरीज १८ मिळवून ४११०५७, म्हणजे हिंजवडी. खडकी, दापोडी, बावधन, सदाशिव पेठ, भोसरी, हिंजवडी अशी ही साखळी कागदावर उमटली, तेव्हा भाची उठून उभीच राहिली. पत्ते टपालाच्या सोयीने दिलेले आहेत, या साखळीचा त्यांच्याशी संबंध नाही, हे मी तिला सांगितले आणि तिला ते मान्यही होते. तरी तिने ती नावे बाणांनी जोडून वेगळ्या कागदावर उतरवून घेतली.

मग प्रश्न आला की पुण्यात स्वयंभू पिनकोड कोणता. यासाठी जनक होऊ शकतील अशा सगळ्या संख्या तपासाव्या लागतात, पण त्या फार नसतात, कारण या टापूतल्या सहा अंकी संख्येच्या अंकांची बेरीज फार मोठी होऊ शकत नाही. ४११०११ चा जनक शोधायचा तर नऊच्या बाकीचा हिशेब करून ४११००७, ४१०९९८, ४१०९८९, ४१०९८०, ४१०९७१ आणि ४१०९६२ एवढेच उमेदवार उरतात. त्यांच्या अंकांच्या बेरजा अनुक्रमे १३, ३१, ३१, २२, २२ आणि २२ आहेत; हव्या होत्या ४, १३, २२, ३१, ४० आणि ४९. एकही जुळत नाही. तेव्हा कसबा पेठेची संख्या, म्हणजे पुण्याच्या सर्वांत जुन्या पेठेची, मूळही आहे आणि स्वयंभूही आहे. मार्केट यार्डाची ४११०३७ आणि कोंढव्याची ४११०४८ याही स्वयंभू आहेत, पण त्या मूळ नाहीत.

कसब्यापासून निघणारी साखळी ४११०१९, म्हणजे चिंचवड, आणि ४११०३५, म्हणजे आकुर्डी, अशी पुढे जाते. सुट्टीच्या शेवटच्या दिवशी भाचीने विचारले की या दोन साखळ्या पुढे कधीतरी एकमेकींना मिळतील का. साखळ्या कितीही लांबवल्या तरी आकडे मोजून याचे उत्तर मिळणार नाही, पण विचार करून मिळते. दहाचा कोणताही घात नऊने भागला की बाकी १ राहते. म्हणून संख्येला नऊने भागल्यावर जी बाकी राहते, तीच तिच्या अंकांच्या बेरजेला नऊने भागल्यावर राहते. तेव्हा साखळीतल्या प्रत्येक पायरीवर नऊची बाकी दुप्पट होते. सदाशिव पेठेची बाकी शून्य आहे, आणि शून्याची दुप्पट शून्यच. तिची साखळी कायम नऊच्या पटींतूनच चालणार. कसब्याची बाकी ८ आहे. तिची दुप्पट १६, म्हणजे बाकी ७. मग ५, मग १, मग २, मग ४, आणि पुन्हा ८. या फेऱ्यात शून्य कधीच येत नाही, म्हणून खडकीहून सदाशिव पेठेमार्गे हिंजवडीला गेलेली साखळी आणि कसब्यातून चिंचवडला गेलेली साखळी एकमेकींना कधीही भेटणार नाहीत. अंकांची बेरीज ही पाटीवरची गोष्ट होती, पण त्या न भेटण्याचे कारण नऊच्या बाकीत, म्हणजे घरात, सापडले.